दोन्ही कान उत्तम

गल्लीत त्यांना सगळे तोफवाले म्हणत, आणि त्यांची बायको ओघानेच तोफवालीण झाली. फौजेतली सगळी नोकरी त्यांनी एका तोफेजवळ उभं राहून काढली. तोफेचा गोळा शत्रूकडे जातो, आवाज मात्र घरच्यांनाच भोगावा लागतो. परतले तेव्हा डावा कान पार गेलेला आणि उजवा अर्धामुर्धा उरलेला. त्या उरलेल्या कानाला तोंड लावून तोफवालीण रोज सकाळी चहाबरोबर गल्लीची खबरबात ओतायची. मुलगी फोनवर काय म्हणाली, कोपऱ्यावरच्या शिंप्याचं सुनेशी कशावरून वाजलं, आणि बऱ्याच चुगल्या. देवाने हा कान फक्त बायकोच्या बडबडीसाठी राखून ठेवलाय, असं तोफवाले चारचौघांत कुरकुरत सांगत. पण सांगताना चेहरा कुरकुरणाऱ्याचा नसे.

मग डॉक्टरने सांगितलं की हाही कान चाललाय. शस्त्रक्रिया करून आत यंत्र बसवता येईल, पण नस जिवंत आहे तोवरच. ती मेली की यंत्र सोन्याचं असलं तरी फुकट. माजी सैनिकांच्या इस्पितळात हे काम होत होतं. अट एवढीच, की कान नोकरीतच गेले हे सरकारने मान्य करायला हवं. तोफवाल्यांना वाटलं, यात अवघड ते काय? तोफेपाशी उभ्या माणसाचे कान आणखी कशाने जाणार? त्यांनी आपल्या जुन्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागवली, भरपाईचा अर्ज टाकला आणि निर्धास्त झाले.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली तो भलताच आशावादी असला पाहिजे. सहा महिन्यांत तोफवाल्यांना फक्त एवढं कळलं की नोंदी इथे नाहीत, मुख्य कार्यालयात आहेत. मुख्य कार्यालयाने कळवलं की त्या कधीच इकडे पाठवल्यात. मग अर्जावरचा फोटो जुना झाला. मग फाइल बघणाऱ्याची बदली झाली आणि नव्या माणसाने श्रीगणेशापासून सुरुवात केली. एकदा तर पत्र आलं की वारंवार फोन करूनही आपण उत्तर न दिल्याने अर्ज बंद करण्यात येत आहे. बहिरेपणाचा अर्ज, आणि फोन उचलला नाही म्हणून बंद. तोफवालीण ते पत्र हातात घेऊन आधी खूप हसली आणि मग ओट्याशी जाऊन रडली. अर्ज पुन्हा उघडून घ्यायलाच पुढचा हिवाळा उजाडला.

त्या कार्यालयात दोघांनी इतके खेटे घातले की दारावरचा पहारेकरी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला. खिडकीच्या काचेवर, नेमकी आतल्या बाईंच्या तोंडासमोर, 'शांतता राखा' अशी पाटी चिकटवलेली होती. तोफवाले ओठ वाचून वेळ निभावत, पण इथे ओठच झाकलेले. नंबर पुकारलेला कळायचा नाही म्हणून तोफवालीण लाकडी बाकावर त्यांच्या शेजारी बसे. तिला काळजी वाटली की पाय हलवायची खोड होती. बाकातून ती थरथर तोफवाल्यांच्या अंगात येई, आणि आजही काही खरं नाही हे त्यांना खिडकी उघडायच्या आधीच समजे.

शेवटी एकदाच्या नोंदी आल्या. खिडकीतल्या बाई बऱ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी कागद काचेखालून पुढे सरकवले. दरवर्षीच्या कानतपासणीपुढे, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत, एकच शेरा होता: दोन्ही कान उत्तम.

तोफवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण हे असं का लिहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुकडीत ज्याचे कान गेले त्याची रवानगी कोठारात होई, डबे रचायला. म्हणजे तोफ सुटली, सोबती सुटले, आणि वर हसं झालं ते वेगळंच. तेव्हा त्या तरण्या पोरांनी त्यावर एक तोड काढली होती. तपासणीला माणसाला भिंतीकडे तोंड करून बाकावर बसवत आणि डॉक्टर पाठीमागून एक लोखंडी नादकाटा वाजवी. ऐकू आलं की हात वर करायचा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पुढच्या नंबरचा गडी बसलेला असे. डॉक्टरने काटा वाजवला की तो टाचेने बाकाच्या पायाला हळूच ठोकी, आणि इकडे बहिऱ्याचा हात वर. तोफवाल्यांसाठी त्यांचा तोफेवरचा जोडीदार ठोकायचा, जोडीदारासाठी तोफवाले. अख्खी तोफ बहिरी आणि कागदावर एकेकाचे कान मांजराचे. यावर ती पोरं पोट धरधरून हसत. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यांनी खिडकीत सगळं सांगून टाकलं, बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात, आणि ते अख्ख्या दालनाने ऐकलं. बाईंनी चिठ्ठीवर लिहून विचारलं, याला साक्षीदार आहे का? होता. जोडीदाराचाही अर्ज याच कार्यालयात पडून होता, आणि त्याची वाट बघता बघता तो मागच्याच थंडीत गेला होता. इतके दिवस तोफवाले धीराने होते. त्या दिवशी मात्र त्यांनी खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकलं, आणि मागच्या रांगेतलं कुणी त्यांना बाजूला हो म्हणालं नाही.

बाईंनी आपल्या अखत्यारीत होतं तेवढं केलं, नव्याने तपासणीची शिफारस केली. तिची तारीख यायलाही वर्ष लोटलं. तोवर सकाळचं बोलणं आखडत गेलं. आधी चुगल्या गेल्या, नुसत्या बातम्या उरल्या. मग बातम्याही गेल्या. 'जेवा', 'चला', 'औषध घेतलंत?' एवढंच कानात ओरडून सांगता येई. शांततेची तोफवाल्यांना भीती नव्हती. भीती होती ती बायको मुकी होण्याची. दिवसभर घरात ती आणि आपण, आणि तिला बोलायला कुणी नाही, या विचाराने ते ताट अर्धं टाकून उठत.

तपासणीच्या दिवशी कळलं की कान तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय आणि ते कधी येईल हे कुणालाच माहीत नाही. तरुण डॉक्टर म्हणाला, यंत्राची वाट बघा, नाहीतर आज जुन्या पद्धतीने करून टाकतो. तोफवालिणीने खुणांनी विचारलं. तोफवाले म्हणाले, "आजच. आता थांबायला कान कुठाय?"

खोलीत एकच बाक होता, लाकडी. तोफवाले भिंतीकडे तोंड करून बसले. खाणाखुणा करायला कुणी लागेल म्हणून डॉक्टरने तोफवालिणीला दुसऱ्या टोकाला बसू दिलं. ऐकू आलं तरच हात वर करा, असं तिने हातवारे करून समजावलं. हे मला शिकवू नकोस, असं ते पुटपुटले. काम सोपं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरं सांगायचं होतं, आणि त्यासाठी काहीच करायचं नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून ते भिंतीचा पोपडा बघत राहिले.

मागे डॉक्टरने काटा वाजवला. काळजीने तोफवालिणीचा पाय हलला आणि तिची टाच बाकाच्या पायावर आपटली.

तोफवाल्यांचा हात वर गेला.

काटा पुन्हा वाजला, टाच पुन्हा आपटली, हात पुन्हा वर. तिसऱ्यांदा हात उचलला गेला तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते गर्रकन वळले. तोफवालीण दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून बसली होती. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होता.

तोफवाले उठले, बाकाला लाथ मारून दाखवू लागले, जोडीदाराचं सांगू लागले, आवाज आणखी चढला. डॉक्टरने मान वर न करता सांगितलं, "काका, तुम्हाला ऐकू येतंय. ही चांगली गोष्ट आहे. पुन्हा तपासणी हवी असेल तर नवा अर्ज करा."

बाहेर जिन्यापाशी त्यांनी बायकोचा दंड धरला. "काय म्हणाला तो?"

तिने टाचा उंचावल्या, त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं. नुसतं डॉक्टरचं नाही, स्वतःच्या पायाचंही सांगितलं, रडत रडत, बराच वेळ. तोफवाल्यांना कानावर तिचा गरम श्वास लागत होता. शब्द यायची ते वाट बघत राहिले.

"परत सांग," ते म्हणाले.

तिने परत सांगितलं.

"अगं, परत सांग."