हिरव्या पातळातली आई

पितळी पातेल्यात रटरटणारा गव्हाचा चीक, त्यातून उठणारी आंबूस, गरम वाफ, आणि हिरव्या पातळाचा पदर कमरेला खोचून तो घोटणारी आई... हडपसरला आमच्या गच्चीवर, चैत्रातल्या कोवळ्या उन्हात, कुरडया घालण्याआधी ती वाटीभर चीक काढी, त्यात दूध-साखर कालवून, फुंकर मारून मला भरवी. मी फार लहान असताना ती गेली. तिची म्हणून एवढी एकच आठवण माझ्या वाट्याला आली, आणि ती मी जन्मभर जिवापाड जपली.

परवा अक्काकडे गेले होते. अक्का माझी थोरली बहीण, तिनेच मला वाढवलं. ती कुरडया तळत होती. त्या वासाने मी सगळं बोलून गेले – पातळ, चीक, गच्ची...

तिने झारा थांबवला. "आई गेली तवा आपल्याला गच्ची कुठं हुती? पत्र्याचं घर हुतं. गच्ची वडलांनी मागनं बांधली. ती मी हाय, येडे. कापडं चिकानं भरू नयेत म्हणून आईचं जुनं पातळ गुंडाळायची."

मी भांडले. तुझंच चुकतंय म्हणाले, चहा न घेताच निघाले. घरी आल्यावर कशात मन लागेना. उठत होते, बसत होते, गॅसवर दूध उतू गेलं. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना नव्हे, मन ती दरवेळी नव्याने घडवतं आणि उणं असेल तिथे पदरचं घालतं, हे मी कधीतरी वाचलं होतं, मान डोलावून पटवूनही घेतलं होतं. दुसऱ्यांच्या आठवणींबद्दल असलं शहाणपण बरं पटतं! आता माझ्याच आईच्या जागी पंधरा वर्षांची अक्का बसली होती, आणि मला तिचा राग येत होता, मग रागाचीच लाज वाटत होती...

शेवटी न राहवून तिला फोन लावला. "मला तेव्हा कळत नव्हतं का गं, की ती तू आहेस?"

"न्हाय. त्या पातळात असले की तू मला आई म्हणून हाक मारायचीस."

"मग तू काय म्हणायचीस?"



"काय म्हणनार? ओ द्यायची."

आईची म्हणून आता एकही आठवण माझ्यापाशी नाही. मारलेल्या हाकेला ओ मात्र मिळाली होती.