लांबडं अंगाखांद्यावर

माझ्या माहेरी घरात सापाचं नाव काढत नसत. नाव काढलं की तो येतो, अशी समजूत होती. म्हणून 'लांबडं' म्हणायचं. परसात लांबडं दिसलं, कौलात लांबडं शिरलं. इंग्लंडात लेस्टरला इतकी वर्षं राहून आणि कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी करून मी पुष्कळ समजुती सोडल्या होत्या, पण ही एक चिकटून राहिली होती. त्यामुळे ए-लेव्हलच्या, म्हणजे इकडच्या बारावीच्या, वर्षी माझी मुलगी एका मैत्रिणीकडून काचेची टाकी घेऊन आली आणि टाकीतून साप डोकावला, तेव्हा मी जी किंचाळले ती हेच, "ते लांबडं आधी घराबाहेर काढ!"

मुलीला वाटलं, मी त्याला नाव ठेवलं. म्हणजे बारसं केलं.

"लॅम्डा! आई, दॅट्स ब्रिलियंट!"

अशा रीतीने माझ्या माहेरच्या सापाला ग्रीक अक्षराचं नाव मिळालं. आमचे हे इंजिनियर, त्यांच्या पुस्तकांत ते अक्षर तरंगलांबीसाठी. त्यांनी पेपरातून मान वर काढून "वेव्हलेंग्थ" एवढंच म्हटलं आणि पुन्हा पेपरात गेले. व्हेटच्या रिसेप्शनवरच्या बाईंनीही कार्डावर ग्रीक स्पेलिंगच लिहिलं. मी दुरुस्त करायला गेले, पण 'हे नाव नाही, नाव घ्यायचं नाही म्हणून म्हणायचा शब्द आहे' हे इंग्रजीतून सांगता सांगता माझ्यामागे मांजरं आणि ससे घेतलेल्या लोकांची रांग लागली. दिलं सोडून.

त्यात लिंगाची भानगड. साप तो, लांबडं ते, आणि हे जनावर निघालं मादी. मुलगी म्हणायची, "माझी साप." मी म्हणायचे, "माझा साप." ती म्हणायची, "पण शी इज अ गर्ल, आई!" यावर मराठी व्याकरणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी मीही तिला 'ती' म्हणायला लागले.

ती होती कॉर्न स्नेक. नारिंगी रंगाची, करंगळीएवढी जाड, विषबिष काही नाही. आणि भित्री म्हणजे किती भित्री! दिवसभर झाडाच्या सालीच्या तुकड्याखाली दडून बसायची. टाकीवर कुणाची सावली पडली तरी शेपटी थरथरायला लागायची. मी तिला भ्यायचे आणि ती मला. फरक इतकाच, की मी भ्याले की ओरडते.

मुलीला नॉटिंगहॅमला ॲडमिशन मिळाली आणि प्रश्न उभा राहिला. तिथल्या हॉलमध्ये, म्हणजे हॉस्टेलवर, प्राणी चालत नव्हते. ह्यांनी निकाल दिला, "तू जायच्या आत आईने तिला नीट हातात घेतलं, तर ती इथे राहील. नाहीतर ज्या मैत्रिणीकडून आणलीस तिला परत." स्वतः ते या कामात नव्हते. त्यांच्या मते कुणीतरी देखरेखही करायला हवी.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी ताबडतोब म्हणाले, "घेईन की! त्यात काय?"

मुलीला वाटलं, हे तिच्यासाठी. थोडं होतंही. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. नॉटिंगहॅम ट्रेनने जवळच आहे, पण मुलं एकदा गेली की जवळचं लांब होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची खोली त्याच्या आईने वर्षभर पुसून ठेवली आणि तो आला फक्त गिटार न्यायला. माझा हिशेब सरळ होता. साप घरात राहिला, तर सापासाठी तरी पोरगी दर शनिवारी घरी येईल. आईसाठी येईल असं धरून चालण्याइतकी मी भाबडी नव्हते.

मग माझी शाळा सुरू झाली, आणि मास्तरीण माझीच मुलगी. नियम भरपूर. लांबड्याने उंदीर खाल्ला की दोन दिवस हात लावायचा नाही. आपल्या हाताला खाण्याचा वास नको. म्हणजे मी फोडणी दिल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, ऑपरेशनला निघाल्यासारखे. तिचे उंदीर मात्र फ्रीझरमध्ये माझ्या खवलेल्या नारळाच्या शेजारी. त्यांचा वास कुणाला येतो याबद्दल कुणी नियम केला नव्हता.

"आई, तू वरून येतेस," मुलगी म्हणाली. मी नुकताच टाकीत हात घातला होता आणि लांबडं सालीखाली पळालं होतं.

"मग काय खालून येऊ?"

"साइडने ये. वरून फक्त घार येते. आणि बोलू नकोस ना."

"सापाला कान नसतात, तूच सांगितलंस."

"तिला नसतात. मला आहेत."

आता मला गप्प बसता येत नाही आणि रिकामं तर अजिबात बसता येत नाही. पण रोज दुपारी कामावरून आले की मुलीच्या खोलीत खुर्ची घेऊन, टाकीत हात नुसता ठेवून बसायला लागले. हात हलवायचा नाही, पकडायचं नाही. ती आली तर येईल. शेजारी मुलगी पुस्तकं खोक्यात भरत असायची. त्या खोलीत मी कित्येक वर्षांत आवरायचं सोडून दुसऱ्या कशासाठी गेले नव्हते. हात अडकलेला, त्यामुळे जमिनीवरचे मोजेही उचलता येईनात. मग आम्ही बोलायला लागलो. तिला घर सोडायची भीती वाटते हे मला तिथे कळलं. मला किती वाटते, हे मी सांगितलं नाही.

एक दिवस सालीखालून निघून ती माझ्या मनगटावरून सरकत गेली. गार असेल, बुळबुळीत असेल असं वाटलं होतं. निघाली कोरडी आणि मऊ, धुऊन पुसलेल्या वाटाण्याच्या शेंगेसारखी. मला इतका आनंद झाला की मी "अगंबाई!" म्हणून उडाले. ती घाबरली, आणि घाबरल्यावर या जातीचे साप जे करतात ते तिने माझ्या साडीवर केलं. मंडळाच्या गणपतीला जायला मी तयार होऊन बसले होते. साडी बदलायला वेळ नव्हता, ओल्या फडक्याने पुसली आणि गेले. आरतीला माझ्या शेजारच्या बाई दोन पावलं सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, प्रसादाचं काही नासलंय का हो?" मी गंभीरपणे मान डोलावली. त्या दिवशी शिऱ्याला फार कुणी हात लावला नाही.

परीक्षा ठरली मुलगी जायच्या आदल्या दिवशी. हे ओव्हन ग्लव्हज घालून बैठकीच्या दारात उभे राहिले. मी हात बाजूने पुढे केला. लांबडं आलं, मनगटाला वेटोळं घातलं, आणि कार्डिगनची बाही दिसल्यावर सरळ आत शिरलं. दंडावरून वर, काखेत, तिथून पाठीवर. मला गुदगुल्या होतात. मी दात आवळून उभी.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या आजी बागेतली सफरचंदं द्यायला आल्या होत्या. हे ग्लव्हजमुळे कडी काढू शकेनात, म्हणून मीच दार उघडलं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, सफरचंदाच्या चटणीची कृती झाली. मी एरवी त्यांचं बोलणं तीनदा तोडते, त्या दिवशी एकदाही तोडलं नाही. आजींनी निघता निघता माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"नेकलेस सुंदर आहे हं, डक," त्या म्हणाल्या. इकडच्या बायका सगळ्यांनाच डक म्हणतात.

नेकलेसने जीभ बाहेर काढली.

आजींनी चष्मा नीट केला. "अच्छा," त्या म्हणाल्या, "नेकलेस नाही वाटतं." आणि शांतपणे घरी गेल्या. मागून हे ओरडले, "पास! पास!" मुलगी मला मिठी मारायला धावली आणि आठवण होऊन मध्येच थांबली. मग बाजूने आली.

ती गेली. दोन शनिवार आली. लांबड्याला आता माझी इतकी सवय झाली होती, की मी टाकी उघडली की ती स्वतःच हातावर चढायची. मला स्वतःचं कोण कौतुक! तिसऱ्या आठवड्यात फोन आला तेव्हा पॅसेजमध्ये उभी राहून मी पोरीला तेच रंगवून सांगितलं. ती खूश झाली.

"मग ठीक आहे, आई. आता तुला सगळं येतं. मला उगाच वरी वाटायची. मी मग एकदम ख्रिसमसलाच येते, ओके? इथे वीकेंडला खूप चाललेलं असतं."

मी खांद्यावरच्या लांबड्याकडे पाहिलं. काही गरज होती का इतकं माणसाळायची? माझ्या तोंडावर आलं होतं, 'अगं, ती जेवत नाहीये, तुझी वाट बघते.' खोटं सांगितलं असतं तर ती पुढच्याच ट्रेनने आली असती. पण आयत्या वेळी रचलेलं काही बोलताच येईना.

"आई? आर यू देअर? लॅम्डा ओके आहे ना?"

"ती मजेत आहे," मी म्हणाले. "मी नाहीये. मला तुझी आठवण येते. शनिवारी ये."

मग ती म्हणाली, "हे तू आधीच का नाही सांगितलीस?"

'सांगितलंस,' असं सुधारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.