वसंताचं गणित चुकलं नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ह्यांचं माझ्यापासून काही लपत नाही, असं ती गावभर सांगते. ज्याला सांगायला हवं होतं, तो आता नाही. मग तुम्हालाच का? माहीत नाही. ऐका.

भिंतीवरच्या ढाली तुम्ही पाहिल्यात. साठच्या दशकात बंगळुरात रॅली म्हटलं की लोक माझं नाव घ्यायचे. पण रॅली म्हणजे नुसतं सुसाट जाणं नव्हे. वाटेत चौक्या असतात. उशिरा पोचलात तर गुण जातात, लवकर पोचलात तर दुप्पट जातात. म्हणून शेजारी एक माणूस लागतो — मीटर आणि घड्याळ बघून वेग सांगणारा. माझ्या शेजारी वसंता बसायचा. पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेला इंजिनिअर. आमचं घराणं तीनशे वर्षं इथलं. मला कानडी शिव्या येत, त्याला लॉगरिदम. जोडी जमली.

रॅलीच्या आदल्या सकाळी तुमकूर रस्त्यावर मैलांच्या दगडांशी तो आमचा मीटर ताडून घ्यायचा. त्यानंतर चाकांना हात लावायचा नाही, ही त्याची सक्त ताकीद. टायर बदलला की मीटरचं माप बदलतं.

त्या वर्षी — कसं सांगू? — मी दुपारी मागचे टायर बदलले. घाटात चिखल होता, नवे एक माप मोठे मिळाले, मी खूश. त्याला सांगायचं राहिलं. इथवर विसरभोळेपणा म्हणा.

चाक मोठं, म्हणून मीटर अंतर कमी दाखवत राहिला. वसंताला वाटलं, आपण मागे पडलोय. "हाण, अजून हाण!" — आणि प्रत्येक चौकीवर आम्ही लवकर. पार तळाला गेलो. शेवटी गाडीतून उतरलो, नजर मागच्या चाकावर गेली आणि आदल्या दुपारचे नवे टायर आठवले. वसंता कागद धरून उभा होता, पांढराफटक.

"चाकं तीच आहेत ना रे?"

"तीच," मी म्हणालो.

त्यानं वाकूनही बघितलं नाही. माझा शब्द त्याला पुरला.

का बोललो खोटं? एका मोठ्या संघाची माणसं पुढच्या वर्षासाठी चालक निवडायला आली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी खांदे उडवले — हिशेब चुकला त्याचा. त्यांनी मला घेतलं, जोडीला दुसरा माणूस दिला. वसंताला मग कुणीच शेजारी बसवलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मी जुने टायर परत चढवले. हेही विसरभोळेपणात बसतं का?

त्याची बायको एकदा म्हणाली, "कारखान्यातून आले की तेच कागद घेऊन बसतात. स्वल्प समजवा ना त्यांना, अण्णा." मी समजावलं! म्हटलं, विसर आता.

मी पहिल्यांदा विजेता झालो, तेव्हा तो हार घेऊन घरी आला. कॉफीला हात लावला नाही.

"त्या वर्षी माझ्यामुळे तुझं नुकसान झालं," म्हणाला. "चूक अजून सापडत नाही. पण ती माझीच. मला माफ कर."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बिडो, वसंता. सोडून दे. केलं माफ."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला बरं वाटलं. आणि खरं सांगतो — मलाही.