घासलेला ठसा

आमच्या गावातली टांकसाळ सापडली ती उमापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका शेतात, पाइपलाइनचा चर खोदताना. चर खोदणाऱ्या बाईच्या टिकावाला लोखंडाचा एक आखूड, जाडजूड तुकडा लागला. मी गावच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून तिनं तो पदरात गुंडाळून माझ्याकडे आणला.

ती आमच्याच वस्तीतली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणतो. तिची लेक माझ्याच हाताखाली शिकली, तेव्हापासून ती मला सर म्हणते.

“सर, बघा बरं हे. एका अंगाला कायतरी लिवल्यावानी हाय.”

गंजाखाली उलटी अक्षरं होती, फारसी वाटणारी. दुसरं टोक हातोड्याच्या घावांनी चेपलेलं. नाणी पाडायचा ठसा असावा, ही शंका मला तिथंच आली. फोटो काढून लगेच तहसिलात कळवायला हवं होतं. पण मला अक्षरं आधी लावायची होती. ठसा अमक्या राजवटीचा आहे असं आपणच सांगितलं, तर शोध आपल्या नावावर लागेल, एवढाच विचार त्यामागे होता.

लिंबू आणि राखेनं सुरुवात केली. मग तारेचा ब्रश घेतला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. फेस बसला आणि दोन अक्षरं लख्ख दिसली. मी हरखलो आणि आणखी जोरात घासलं. पाण्यानं धुऊन बघतो तर अक्षरांच्या जागी नुसते खड्डे. ती दोन अक्षरं कोणती होती, तेही मला नीट आठवेना.

चार दिवस ठसा कपाटात ठेवला आणि मग कळवलं. पुरातत्त्व खात्याची माणसं आली, शेतात खोदकाम सुरू झालं. आक्का तिथंच रोजानं माती उचलायला लागली. भट्टीची भाजून लाल झालेली जमीन निघाली, धातू वितळवायच्या मातीच्या मुशी निघाल्या, तांब्याच्या कोऱ्या चकत्या निघाल्या. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीची टांकसाळ होती. कुणाची, ते मात्र कळेना. चकत्यांवर काहीच उमटलेलं नव्हतं.

खोदकामावरच्या अधिकारी बाई तरुण होत्या. ठसा हातात घेऊन त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरला.

“हा घासलाय कुणीतरी. कुणी घासला?”

भोवती निम्मं गाव उभं होतं, माझी शाळेतली मुलंही. मी म्हणालो, “माझ्याकडे आला तेव्हा असाच होता, मॅडम.”

बाई आक्काकडे वळल्या. “मावशी, तुम्ही घासलात?”

आक्काच्या डोक्यावर मातीनं भरलेलं टोपलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.

“घासला असंल, मॅडम. आमा अडाण्याला काय कळतंय.”

एवढं बोलून ती माती टाकायला गेली. मी तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शोध लावणारा म्हणून माझं नाव होतं आणि मजुरांच्या अज्ञानामुळे ठशावरचा मजकूर नष्ट झाला, असंही होतं. नळावर बायका आक्काला विचारू लागल्या, “काय आक्का, टांकसाळ घासून झाली का?” ती हसण्यावारी न्यायची. मी त्या वाटेनं जायचं टाळू लागलो.

महिन्याभरानं ती ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती भांडीकुंडी पोत्यात भरत होती.

“आक्का, त्या दिवशी तू असं का बोललीस?”

“तुमची नोकरी हाय, सर. लेकरं बघत होती. माझं काय जानार होतं?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. घरी येऊन मी खोदकामावरच्या बाईंना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. त्या शोधाची नोंद आक्काच्या नावानं करणार होत्या, आणि ठसा मी घासला हेही नोंदवणार होत्या. शेवटी म्हणाल्या, “सर, निदान अ‍ॅसिड ओतण्याआधीचा एखादा फोटो?” “काढलाच नाही,” मी म्हणालो.

हे सांगायला मी आक्काला फोन लावला. ती फडावर होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

“कागदावर केलं ते बरं केलं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पन माझी लाज चारचौघांत गेलती, सर.”

तिनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच असं बोलून दाखवलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मी मुलांसमोर आणि जमलेल्या गावासमोर ते सांगितलं. ठसा मी घासला, खोटं मी बोललो, आक्काचा काही दोष नव्हता. सरपंचांनी खाऊ वाटायला घेतला. आक्का तेव्हा दोन जिल्हे पलीकडे ऊस तोडत होती, आणि वस्तीतली निम्मी माणसंही तिच्याबरोबर तिकडेच होती.