रिकाम्या विमानाचं वजन

हा कॉलम मी बरीच वर्षं वाचते आणि तितकीच वर्षं नाक मुरडते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजतात... मी चहा पिता पिता वाचते आणि पान उलटते. आमच्या घरी असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. त्यात माझा धंदा वजनाचा. म्हणजे मी वजनं करते — विमानांची. काट्यावर येतं ते असतं, येत नाही ते नसतं, एवढ्या साध्या हिशेबावर माझी सगळी नोकरी झाली. माझी अडचण नेमकी तीच आहे. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. जे काही होतं ते काट्यावर आलं.

जागा सांगते, कंपनीचं नाव सांगणार नाही. हडपसरच्या पुढे, गर्दी जरा विरळ होते तिथे, एक छोटी धावपट्टी आणि तिला लागून आमची पत्र्याची शेड. तिथे आम्ही एक विमान बनवत होतो. दोन इंजिनांचं, टर्बोप्रॉप — म्हणजे पंखे बाहेर दिसतात, पण ते फिरवणारं इंजिन जेटच्या जातीचं असतं. नऊ सीटा. सकाळी माणसं न्यायची, दुपारी सीटा काढून औषधांची खोकी भरायची, गरज पडली तर मागे स्ट्रेचर टाकून पेशंट आणायचा. मुरमाच्या आखूड पट्टीवरसुद्धा उतरलं पाहिजे. कंपनी निखिलची. तो इन्व्हेस्टर लोकांसमोर त्याला ‘मल्टी-रोल प्लॅटफॉर्म’ म्हणायचा. गायकवाड सर त्याला टेम्पो म्हणायचे.

विमानाचा आराखडा सरांचा. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर वारज्याच्या फ्लॅटमध्ये आराम करायचा सोडून ते रोज अख्खं पुणं ओलांडून शेडवर यायचे. माणूस चांगला पंच्याण्णव किलोचा. विमानातल्या एकेका ग्रॅमसाठी आमच्याशी भांडायचे आणि मग स्वतः मंडईजवळ जाऊन दोन प्लेट मिसळ हाणून यायचे. मी एकदा म्हटलं, “सर, डाएट फक्त विमानालाच का?” तर म्हणाले, “वैशाली, मी उडणार नाहीये.”

खंडेनवमीला पोरं यंत्रांना हार घालायची, नारळ फोडायची. सर बाजूला उभे राहायचे. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातलं सगळं कर्मकांड बंद केलं होतं आणि सरांनी तो वारसा नुसता चालवला नाही, तर मिरवला. “हार घाला रे, पण वजनाआधी काढा,” एवढंच त्यांचं म्हणणं.

विमानाच्या मागच्या दाराचा मात्र त्यांनी हट्ट धरला होता. ते इतकं रुंद हवं की स्ट्रेचर आडवंतिडवं न करता सरळ आत जावं. त्यासाठी सांगाडा वाढणार, वजन वाढणार. ग्रॅमसाठी भांडणारा माणूस तिथे किलो उधळायला तयार! मी कारण विचारलं. त्यांची मोठी बहीण बाळंतपणात अडली होती. गावाकडून जीपमध्ये घालून तालुक्याला नेत होते. “रस्त्यातच गेली,” ते म्हणाले आणि पुन्हा ड्रॉइंगमध्ये डोकं घातलं. तो विषय मी परत कधी काढला नाही.

विमान पूर्ण व्हायला आलं आणि सर आजारी पडले. कॅन्सर निघाला. सुरुवातीला मी हॉस्पिटलमध्ये जायचे, ते उशाला टेकून मला पंखांच्या वजनाबद्दल विचारायचे. नंतर त्यांनी कुणालाच भेटायला येऊ दिलं नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, फोनवर सांगायच्या, “नको येऊस गं, त्यांना आवडत नाही आता.” पहिल्या उड्डाणाच्या दोनेक महिने आधी ते गेले. अंत्यविधीला बुद्धवंदना झाली, आणि मी गर्दीत मागे उभी राहून रडले. माझे वडील मी लहान असताना गेले होते. सरांच्या वेळी मला कळलं की तेव्हा काय झालं होतं.

आता मूळ गोष्ट. पहिल्या उड्डाणाआधी विमानाचं वजन करावं लागतं. टाक्या रिकाम्या करायच्या, शेडची दारं बंद, पंखे बंद — वाऱ्याची झुळूकसुद्धा विमानाच्या पंखाला उचलते. मग विमान तीन जॅकवर तोलायचं, प्रत्येक जॅकवर एक लोड सेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काटा. तीन आकड्यांची बेरीज म्हणजे वजन. आणि कुठल्या काट्यावर किती भार आला, यावरून वजनाचा मध्य कुठे आहे तेही कळतं. तोल ढळलेलं विमान नाक वर करून पडू शकतं, त्यामुळे हा कागदी खेळ नाही.

आत काही राहिलं तर सगळंच चुकतं. एकदा एकाचा जेवणाचा डबा सीटखाली निघाला होता, बटाट्याच्या भाजीसकट. तेव्हापासून आमचा मेकॅनिक संतोष टॉर्च घेऊन आतून शेपटापर्यंत जाऊन येतो आणि मग दार लावतो.

“काय नाय मॅडम आत. झाडून काढल्यागत हाय,” तो म्हणाला.

मी आकडे घेतले. आधीचं वजन सर असतानाच झालं होतं, त्यानंतर काय काय बसवलं ते सगळं मला पाठ. त्या हिशेबापेक्षा सेहेचाळीस किलो जास्त भरले.

सेहेचाळीस किलो म्हणजे विसरलेला पाना नव्हे. आम्ही विमान उतरवून पुन्हा चढवलं. तेच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडून काटे मागवले, प्रमाणित वजनं ठेवून ते तपासले, मग विमान चढवलं. तेच. आतली जमीन उचकटली, शेपूट उघडलं, टाक्या पुन्हा कोरड्या केल्या. पाणी नाही, वाळू नाही, डबाही नाही. काटे पुन्हा सेहेचाळीस जास्त दाखवत होते.

तेव्हा संतोष हळूच म्हणाला, “मॅडम... सर बसलेत आत.”

दोघंतिघं हसले. मी भडकले. “सर पंच्याण्णव किलोचे होते. अर्धेच येऊन बसलेत का?” आणि त्याच रागात मी तो जास्तीचा भार कुठे आहे ते गणिताने काढलं. आला मागे, डाव्या अंगाला, रुंद दाराच्या जवळ. तिथे सीटच नव्हती, मोकळी जमीन होती. सगळ्यांना कागद दाखवून म्हटलं, “हे बघा. सर असते तर निदान खुर्चीवर बसले असते.” तो विनोद तिथेच संपला. आकडा काही संपला नाही.

निखिल मला केबिनमध्ये घेऊन गेला. मुलगा वाईट नाही, स्वतःचं घर गहाण टाकून बसला होता. “मॅम, कॅल्क्युलेटेड फिगर टाकू ना रिपोर्टमध्ये. सेन्सरचा एरर असणार. हे असं अनएक्सप्लेन्ड लिहिलं तर फ्लाइट अडकेल. ह्या महिन्यात उडालं नाही तर इन्व्हेस्टर जातील, आणि मग सरांचं एअरक्राफ्ट भंगारात जाईल, मॅम.”

ते खरं होतं, म्हणूनच मला लागलं. आत दोन वैमानिक बसणार होते. मोजलेलं वजन लिहिलं तर विमान कदाचित कधीच उडणार नाही, आणि हिशेबाचं लिहिलं तर मी त्या दोघांना खोट्या आकड्यावर वर पाठवणार. रात्रभर तळमळले. सकाळी मोजलेला आकडा लिहून सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण सरांचं विमान मीच माझ्या हाताने बंद पाडलं अशी माझी खात्री झाली होती.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला बराच वेळ सोललं. मी सगळं दाखवलं आणि सांगितलं, कारण सापडलेलं नाही. ते कागद पुढेमागे करत म्हणाले, “वजन मर्यादेत आहे. तोल मर्यादेत आहे. आणि तुम्ही लपवलेलं नाही. ह्याच आकड्यावर उडवा, उतरल्यावर पुन्हा वजन करा.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कॅप्टन दळवी, आमचे टेस्ट पायलट, यांना मी मागच्या जास्तीच्या भाराबद्दल बसवून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “माणूस असेल तर बेल्ट कोण लावणार?”

विमान उडालं. सकाळचं स्वच्छ ऊन, पलीकडे उसाची शेतं. दोन्ही इंजिनांचा सूर एक झाला, आणि आमचा टेम्पो अर्ध्या पट्टीतच जमीन सोडून गेला. निखिल लहान पोरासारखा ओरडत होता. मी वर बघू शकत नव्हते, संतोषचा दंड धरून खाली बघत उभी होते. विमान वळसे घालून व्यवस्थित खाली आलं तेव्हा कुठे श्वास सोडला.

उतरल्यावर कॅप्टन सरळ माझ्याकडे आले. विमानाचं नाक आपोआप वर-खाली होऊ नये म्हणून ट्रिमचं एक चाक फिरवून ठेवतात. ते म्हणाले, “ट्रिम तुमच्या आकड्यावर बसला. हिशेबाच्या आकड्यावर नसता बसला. मागे भार होता, मॅडम. मी शपथेवर सांगेन.”

म्हणजे काट्यांची चूक नव्हती. विमान हवेत असताना तो भार आत होता.

दुसऱ्या दिवशी टाक्या रिकाम्या करून पुन्हा वजन केलं. तीच शेड, तेच जॅक, तेच काटे, संतोषची तीच टॉर्च. वजन हिशेबाला तंतोतंत आलं. सेहेचाळीस किलो गेले होते. संतोष टॉर्च घेऊन पुन्हा एकदा शेपटापर्यंत जाऊन आला.

तुमच्यापैकी हुशार मंडळी आता सुचवतील: आतल्या अस्तरात ओल असेल, ती उन्हाने वाळली. अस्तर आम्ही काढून पाहिलं होतं, कोरडं ठणठणीत होतं. कुणी म्हणेल काटे बिघडले. दोन कंपन्यांचे काटे सारखेच बिघडून पुन्हा सारखेच सुधारत नाहीत, आणि ट्रिमचं चाक काटा बघून फिरत नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही. आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगून झाल्यावर मला काही बोलता येत नाही.

त्या रविवारी पेढे घेऊन वारज्याला काकूंकडे गेले. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. बोलणं मोजकं आणि रोखठोक. उड्डाणाची सगळी हकीकत त्यांनी दोनदा सांगायला लावली. वजनाचं मी सांगणार नव्हते. पण त्या म्हणाल्या, “तुझा चेहरा का उतरलाय? विमान उडालं ना?” मग सांगितलं, ऑफिसातली गंमत म्हणून, हसत हसत.

काकू हसल्या नाहीत. “किती जास्त भरलं म्हणालीस?”

“सेहेचाळीस किलो.”

त्यांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

“शेवटच्या आठवड्यात औषधाचा डोस ठरवायला वजन केलं होतं त्यांचं,” त्या म्हणाल्या. “सेहेचाळीस भरले. मी नर्सला म्हटलं, पुन्हा कर, चुकलं असेल. तिने पुन्हा केलं. तेवढंच. म्हणून तर कुणाला येऊ देत नव्हते गं ते.”

मी पंच्याण्णव किलोचा माणूस धरून चालले होते... तरी म्हटलं, “काकू, पण तो भार सीटवर नव्हताच. मोकळ्या जमिनीवर होता.”

“ते बसत कुठे होते? बसवलं की कळवळायचे. शेवटी आडवेच होते.”

मागे, डाव्या अंगाला, रुंद दाराजवळ. स्ट्रेचर अजून बनलेलं नव्हतं, म्हणून आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे खुर्च्या मोजत बसलो. ती जागा स्ट्रेचरची होती. सरांनीच मला शेजारी बसवून ती आखून घेतली होती. हे मी काकूंना कसंबसं सांगितलं.

“आमच्यात असलं काही मानत नाहीत, तुला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “त्यांनी तर मुळीच मानलं नसतं. मलाच ओरडले असते.”

“मीही मानत नाही, काकू.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“उतरल्यावर परत केलंस ना वजन?”

“केलं.”

“मग?”

“काही नव्हतं. विमान रिकामं होतं.”

“म्हणजे पोचले,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.