भट्टीतून लवकर काढलेले बोल्ट

हजार गोष्टी सांगितल्यात मी — नकला करून, टेबलावर चढून. ही एकच पोटात ठेवली. बायकोलासुद्धा नाही सांगितली. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. ऐका.

सातपूरला बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवायच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. मुलाम्याआधी बोल्ट आम्लात बुडवतात. तेव्हा हायड्रोजन लोखंडात शिरतो — चोरपावलांनी, अगदी खलनायकाच्या थाटात! मुलाम्यानंतर भट्टीत तापवलं की निघून जातो; आत राहिला तर बोल्ट ठिसूळ होतो. पण त्या खेपेच्या पोलादात गंधक जास्त होतं. गंधकाच्या कणांपाशी हायड्रोजन दडून बसतो, लवकर हलत नाही. असा माल भट्टीत जास्त वेळ ठेवायचा — हे मला पाठ होतं.

आणि त्या संध्याकाळी? नाटकाची तालीम होती. मी माल निम्म्यातच बाहेर काढला.

ते बोल्ट शेजारच्या कारखान्यात गेले. तिथला फिटर सोपान, नांदगावकडचा, माझ्या रोजच्या चहातला. त्यानं ते क्रेनला बसवले. काही दिवस सगळं ठीक. मग भार लटकलेला असताना बोल्ट तुटले. खाली सोपानचा थोरला भाऊ काम करत होता. त्याचा पाय गेला.

तिथले साहेब म्हणाले, सोपाननं जास्त आवळले. अहो, जास्त आवळलेला बोल्ट बहुतेक वेळा हातातच तुटतो! काही दिवसांनी, गुपचूप तुटतो तो हायड्रोजननं. मला ऐकताक्षणी कळलं. आणि मी काय केलं? टपरीवर सोपानची नक्कल केली. डोळे वटारून, पाना धरून — "याला बघून लोखंडसुद्धा हात जोडतं, भाऊ!" सगळे हसले. हसणारी माणसं चौकशी करत नाहीत — हे मला ठाऊक होतं.

सोपानची नोकरी गेली. त्यानं पुन्हा पाना धरला नाही. घरचा नळसुद्धा दुसऱ्याकडून आवळून घेतो.

परवा त्याच्या मुलीच्या हळदीला पोरं ओरडली, "अण्णा, ती नक्कल!" भाऊ कुबडी घेऊन पुढंच बसलेला. सोपाननंच माझ्या हातात पान्याऐवजी उलथनं दिलं. "करा अण्णा, लय दिवस झाले."

केली. दातओठ खाणं, गुरगुरणं — सगळं. भाऊ हसला नाही. सोपान त्याच्याकडे वळून हळूच म्हणाला, "खरंच दादा, माझा हातच लय जड होता."

तुझा नाही, माझा — एवढंच म्हणायचं होतं. मी कमरेत वाकून टाळ्या घेतल्या.