मशीन मीच बंद केली होती

यजमान गेले तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जबलपूरच्या मुलींच्या आयटीआयमध्ये मी शिवणकाम शिकवायचे. ते रेल्वेत होते. आम्ही बौद्ध, दहावं-तेरावं आमच्यात नाही. पण राख नर्मदेतच सोडा, असं ते सांगून गेले होते. "चाळीस वर्षं हिचंच पाणी प्यालो," म्हणायचे. म्हणून मुलाला घेऊन ग्वारीघाटावर गेले. राख सोडली, हात धुतले आणि वर चढताना झेंडूच्या कुजक्या पाकळ्यांवरून पाय सटकला. तीन पायऱ्या खाली बसतच आले. लोक धावले. मला वाटलं, लाज गेली एवढंच. दुसऱ्या दिवशी उजवा पाय उचलेना.

मणक्यातली गादी सरकली होती. तिच्यासाठी एक ऑपरेशन झालं, मग दुसरं. गादी जागेवर आली, पण दबलेली नस काही सुधरली नाही. कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कोणीतरी उकळतं तेल ओतून राहिलंय, असं व्हायचं. पायाला चादरीचा स्पर्श सोसायचा नाही. पायमशीनचं पायडल मारणं तर सुटलंच. नोकरीची दोन वर्षं मी खुर्चीत बसून, मुलींना तोंडी सांगून काढली आणि निवृत्त होऊन घरी आले.

त्या दिवसांत घरात माणसं मात्र पुष्कळ असत. हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. समोरच्या क्वार्टरमधली दीदी, तिचा नवरा फौजेत सुभेदार होता, रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि तासभर पाय शेकत बसायची. आयटीआयच्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या. मुलगा बंगलोरला नोकरीला. तो सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. त्याला मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र हिंदीतच घसरतो. "आई, आज दर्द कैसा है?" मग मी सांगायची. पोटरीत कसं, टाचेत कसं, काल कसं होतं. तो ऐकायचा. त्याला इतकं ऐकायला मी लहानपणीही कधी लावलं नसेल.

तीन वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरांनी मशीनचं सांगितलं. मुलगा सोबत होता. डॉक्टरांनी कागदावर पाठीचा कणा काढला. "दुखणं या वाटेनं मेंदूकडे जातं. आपण इथं दोन बारीक तारा ठेवू. कमरेत कातडीखाली बॅटरी. तारांतून बारीक करंट जाईल, आणि दुखण्याचा निरोप पोचायच्या आधीच तिथं गर्दी होईल. नस दुरुस्त नाही होणार, पण तिचं ओरडणं मेंदूला कमी ऐकू येईल."

आधी आठवडाभर नुसत्या तारा घालून बॅटरी बाहेर पट्ट्याला बांधून पाहिली. ते जमलं, मग कायमची आत बसवली. तारा घालताना मला पालथं निजवलं होतं, पण पूर्ण झोपवलं नव्हतं, कारण करंट कुठं लागतो ते मीच सांगायचं होतं. कंपनीची इंजिनियर बाई बाजूला टॅबलेट घेऊन उभी होती. चाळिशीची, नागपूरचीच.

"काकू, आता कुठं वाटून राहिलं?"

"पोटात."

"आता?"

"मांडीत... खाली... थांबा, थांबा. पायात! पूर्ण पायात मुंग्या आल्या."

"आणि दुखणं?"

मी शोधलं. खरंच शोधावं लागलं. मुंग्यांच्या मागे कुठंतरी ते होतं, पण बंद दाराआड कोणी भांडावं तसं. मी रडले. पालथी असल्यामुळे नाकातून पाणी आलं आणि एका नर्सनं बोळ्यानं ते पुसलं.

घरी आले ती रिमोट घेऊन. एका बटणानं करंट वाढतो, एकानं कमी होतो, एकानं मशीनच बंद. खोकलं की पायात झटका यायचा, उताणं निजलं की मुंग्या वाढायच्या. त्याची सवय झाली. दर आठ-दहा दिवसांनी बॅटरी बाहेरून चार्ज करायची. बशीएवढी चकती कंबरेच्या पट्ट्यात घालून बॅटरीच्या बरोबर वर धरायची आणि दोन तास हलायचं नाही. दोन महिन्यांत मी चालत छावणीतल्या सदर बाजारात जाऊन आले. दीदीनं मोहल्लाभर पेढे वाटले.

आणि मग हळूहळू कोणी येईनासं झालं.

यात कोणाचीच चूक नव्हती. दीदी म्हणाली, "अब तो आप ठीक हैं," आणि तिनं डब्याचा वेळ सुनेच्या बाळंतपणाला दिला. विद्यार्थिनींना त्यांचे संसार होते. मुलगा विचारायचा, "दर्द कैसा है?" मी म्हणायची, "नाही आहे." तो म्हणायचा, "गुड, गुड." पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. रोजचे दोन फोन एकावर आले, मग दोन दिवसांनी एक, मग रविवारी. त्यातही मागे टीव्ही चालू असायचा. माझ्या ध्यानात आलं की तीन वर्षं आम्ही दुखण्याशिवाय काही बोललोच नव्हतो. त्याच्या आधी बोलायचं काम त्याचे वडील करायचे.

घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी वळून पाहायची. भाजी एका माणसाची करायला मला कधी जमली नाही. दोन दिवस तीच खायची. बेल वाजावी म्हणून दुधाची पिशवी दाराबाहेरच्या पाटीत ठेवायला मना केलं होतं मी. दूधवाला बेल वाजवून पिशवी हातात द्यायचा. "नमस्ते जी." तेवढंच.

पुढच्या दिवाळीला मुलगा येणार होता. आला नाही, कामाचं काहीतरी निघालं. त्यानंतरचे दोन रविवार फोनही नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी जेवले, भांडी घासली, पलंगावर बसले आणि रिमोट हातात घेऊन मशीन बंद केली.

खोटं बोलायचं नव्हतं मला. दुखतंय म्हणायचं तर खरंच दुखावं, असा हिशेब होता. असा हिशेब कोणी शहाणं माणूस करत नाही, पण मी केला. आधी मुंग्या गेल्या. पाय रिकामा झाला, परका वाटला. पाऊण तासानं टाचेत एक ठिणगी पडली. मग पोटरी, मग मांडी. माझं जुनं दुखणं वाट न चुकता आलं. चार वाजता मी पलंगाची पाटी धरून बसले होते, तेव्हा मुलाला फोन लावला.

"आई? क्या हुआ? आवाज ऐसा काहून आहे?"

"दुखून राहिलं रे."

"मशीन?"

"माहीत नाही." हे मात्र खोटं होतं.

"मी येतो," तो म्हणाला. पुढं काही विचारलंच नाही त्यानं. फोन ठेवून मी मशीन सुरू केली आणि पाय मुंग्यांनी भरून आला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं बरंही.

तो दुसऱ्या दिवशी आला. नागपूरला दाखवायचं ठरवून त्यानं गाडीही ठरवली होती, स्वतः चालवायची. सिवनीपर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला तो वेग कमी करायचा. "लागलं का?" मी मान हलवायची, हो की नाही ते कळणार नाही अशी. मध्ये एकदा त्यानं स्वतःचं जाकीट काढून माझ्या कमरेमागे घातली. पाच तास आम्ही बाजूबाजूला बसलो होतो. त्यानं त्याच्या ऑफिसचं सांगितलं, तिथल्या एका मुलीचं सांगितलं, जिच्याशी लग्न करावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. मी असं पहिल्यांदाच ऐकत होते. आणि प्रत्येक वाक्याला मनात येत होतं, हे चोरलेलं आहे.

इस्पितळात तीच इंजिनियर बाई आली. चकती पाठीवर धरली, टॅबलेटवर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मुलाला म्हणाली, "दादा, काकूंसाठी कँटीनमधून चहा आणता का?" तो गेल्यावर तिनं स्टूल पुढं ओढलं.

"काकू, मशीन सगळं लिहून ठेवते. रविवारी दुपारी दीड वाजता बंद झाली, सव्वाचारला सुरू झाली. बॅटरी अर्ध्याच्या वर होती. तारा ठीक आहेत. काहून बंद केली?"

मी म्हटलं, "चार्जिंगचा पट्टा साडीवरून घसरतो. चकती सरकली असेल, चुकून बटण दबलं असेल..."

तिनं टॅबलेट माझ्याकडे वळवला, वेळा तिथं लिहिलेल्या होत्या. मग मी म्हटलं, "मीच बंद केली. तो येत नव्हता."

ती रागावेल असं वाटलं. तिनं टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "मी रिपोर्टमध्ये सगळं ठीक एवढंच लिहीन," ती म्हणाली. "दादांना तुम्ही सांगा. किंवा नका सांगू." मग म्हणाली, "पण पट्टा खरंच घसरतो का?"

"ते खरंच आहे. परकराची नाडी बरोबर बॅटरीवर येते. तुमचा पट्टा तिच्यावर बसत नाही. आणि चकती मागून घालायला हात वळत नाही पाठ दुखणाऱ्या माणसाचा. हा पट्टा पँटवाल्यासाठी केलेला आहे."

"आणखी तिघी-चौघींनी चार्जिंग सोडून दिलं," ती म्हणाली. "मी त्यांना आळशी समजत होते."

परतताना सिवनीच्या पुढं चहाला थांबलो, तेव्हा मी मुलाला सांगितलं. सगळं सांगितलं. त्याच्या हातात कागदाचा कप होता. तो दुमडत गेला.

"मैंने छुट्टी ली थी, आई."

"हो."

"बोलायचं ना. की ये म्हणून."

"म्हटलं असतं तर आला असतास?"

त्यानं कप टाकला आणि गाडी सुरू केली. जबलपूर येईपर्यंत तो खड्डे चुकवत राहिला, पण 'लागलं का' विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गेला. पुढचे पंधरा दिवस फोन आला नाही, आणि मीही केला नाही. कोणत्या तोंडानं करायचा होता?

त्या पंधरा दिवसांत हाताला काही काम हवं होतं. पट्टा काढून बसले. आयटीआयमध्ये मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायची, कापडाला नाही, अंगाला विचारा. मग स्वतःच्या अंगाला विचारलं. पहिला पट्टा मऊ सुती कापडाचा केला, तो गुंडाळी होऊन वर चढला. दुसऱ्याला रुंद इलॅस्टिक लावलं, त्यानं ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी वळ उठला. मग एका दुपारी शाळेत निघालेली एक मुलगी दारावरून गेली, दप्तर एका खांद्यावरून तिरपं घेतलेलं, आणि मी पुन्हा कात्री घेतली. तिसऱ्या पट्ट्याचं वजन खांद्यावरून तिरप्या आलेल्या पट्टीवर घेतलं. चकतीचा खिसा पुढून, कुशीकडून उघडणारा केला, म्हणजे हात मागं न्यायला नको. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी आणि गाठ डाव्या अंगाला. पायडल आता मारता येत होतं. दोन तास चार्जिंग झालं, एकदाही चकती सरकली नाही. मी "बघा!" म्हणाले. मोठ्यानं. खोलीत कोणी नव्हतं.

पट्टा कुरियरनं नागपूरला पाठवला. आठवड्यानं इंजिनियर बाईचा फोन आला. "काकू, दोघींना लावून पाहिला. कागदावर कटिंग काढून पाठवा ना." मी पाठवलं. पुढं काही वर्षांनी कंपनीच्या नव्या पट्ट्यालाही खांद्यावरची पट्टी आली. ती माझ्यावरून घेतली की त्यांना आपोआप सुचली, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

मुलाचा फोन सोळाव्या दिवशी आला. आवाज नेहमीसारखाच, जरा कोरडा. "क्या कर रही हो?"

तो प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता. "शिवून राहिली," मी म्हटलं, आणि पट्ट्याचं सांगितलं. त्यानं खिसा कुठून उघडतो ते दोनदा विचारलं. इंजिनियर आहे तो. दहा मिनिटं बोललो असू. मग पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले. वर्षातून एकदा येतो. त्या मुलीशी लग्न केलं त्यानं. सून भली आहे, मला 'मम्मीजी' म्हणते. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी सांगितलं ते बरं केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात जबलपूरजवळच्या कुंडमहून एक बाई आली. नागपूरच्या इंजिनियर बाईनं पत्ता दिला होता. झाडावरून पडून तिची पाठ गेली होती, मशीन नुकतीच बसवली होती. नवरा तिला दारात सोडून बाजारात गेला. मी तिचं माप घेतलं. बॅटरीची जागा बोटानं चाचपली, तशी ती दचकली आणि मग हसली. पट्टा होईपर्यंत खाटेवर बसून राहिली. सगळं घर तिनं नजरेनं पाहून घेतलं.

"घर में और कौन है, दीदी?"

"मैं ही हूँ।"

"बाल-बच्चे?"

"बेटा है. बंगलोर में।"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "हमारे घर में ग्यारह लोग हैं. पर ये झनझनाहट किसको समझाऊँ? सब समझते हैं बिजली लगी है मेरे में. बच्चों को पास नहीं आने देते।"

मी शिवणाची मशीन थांबवली. "कहाँ तक आती है? अँगूठे तक?"

"नहीं, घुटने तक।"

"मेरी अँगूठे तक।"

मग आम्ही बसून बोललो. खोकल्यावर काय होतं, गाडीत काय होतं, कूस बदलताना कसं होतं. तिच्यात आणि माझ्यात बोलायला दुसरं काहीच नव्हतं, आणि तेही तासाभरात संपलं. नवरा आला. चारच्या बसची वेळ झाली होती. पट्टा पिशवीत घालून दिला, कसा घालायचा ते पुन्हा एकदा त्यालाही दाखवलं. कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. बसस्टँडकडे ती हळूहळू चालत गेली, आणि तो तिची पिशवी घेऊन दोन पावलं पुढं. मी परत आले, दार लावलं आणि जमिनीवर पडलेले कापडाचे तुकडे वेचायला बसले.